पूर्णेकाठची मावशी

अकोला, जुने शहर
९ जुलै २०२४, मंगळवार

चि. नितेश यास आईचा आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. हे वाक्य आजवर हाताच्या सवयीनं लिहीत आले, आज मुद्दाम लिहिते आहे. खुशाल आहे म्हणजे जिवंत आहे. सकाळी नळ आला तेव्हा पाणी भरलं, तुळशीला घातलं, महाराजांच्या फोटोपुढे दिवा लावला, मुगाची खिचडी टाकली. ही कामं मेलेली बाई करत नाही, एवढं तू मान्य करशील.

तुझ्या दहावीच्या वह्यांची कोरी पानं अजून उरली आहेत, त्यातलंच हे. माझा मोबाईल बंद आहे. रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद होतात म्हणे. येत कोणाचा नाही, मग दर महिन्याला पैसे कशाला भरायचे, असा मी विचार केला. तुझा शेवटचा फोन दिवाळीतला. तर या बंद मोबाईलमुळे काय झालं ते ऐक.

रविवारी दुपारी वरूडहून तुझा मामा आला, पंजाबदादा. सोबत वहिनी. गल्लीच्या तोंडापासूनच वहिनीनं गळा काढला. शेजारची साधना धावत बाहेर गेली, तिला वाटलं अपघात झाला. दादा रडत नव्हता, तो चिडलेला होता. दारातूनच ओरडला, "कोनं उचललं तिले? माहेरचं पातळ अंगावर न टाकता कोनं उचललं? बोला!"

बाई गेली की भावानं आणलेलं पातळ अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, हे तू पाहिलं आहेस. तुझ्या आजीच्या वेळी तिच्या भावाची एस.टी. चुकली, तर दुपारपासून दिवे लागेपर्यंत सगळी मंडळी अंगणात थांबली होती. दादाचा राग खरा होता. मी सुपात तांदूळ निवडत होते, ते सूप घेऊनच बाहेर आले. वहिनी मला पाहून मटकन खाली बसली.

"इंदे, तू हायेस?" दादा म्हणाला.

"हाये ना दादा. पानी देऊ?"

"मंग मेलं कोन?"

त्याचं उत्तर त्याच्याच मोबाईलमध्ये होतं. संत्र्याच्या कोण्या व्यापाऱ्यानं त्याला व्हिडिओ पाठवला होता, "तुमचा भाचा लय मोठा झाला" म्हणून. मोठ्या स्टेजवर तू उभा, काळा बनियन घातलेला. मागे पडद्यावर माझा फोटो, त्याला हार. तू सांगत होतास की वऱ्हाडातल्या खाऱ्या पाण्यानं आईच्या किडन्या गेल्या. पाय सुजले. आठवड्यातून तीनदा मशीनवर. शेवटी पाणी प्यायलाही बंदी, ओठाला ओला कापूस. समोरचे लोक उभे राहिले, एक बाई डोळे पुसत होती. तिचं बघून मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दादानं दोनदा फोन लावून पाहिला होता. बंद लागला, म्हणून त्यानं खरंच धरलं.

ते पातळ वहिनी परत पिशवीत घालत होती. दादानं तिचा हात धरला. "बहिणीच्या नावानं निघालं ते वापस नाही नेत." फिकं अबोली आहे, बारीक काठाचं, विधवेला चालेल असं पाहून आणलेलं. पोत चांगला आहे. मला ते नेसता येत नाही आणि कोणाला देता येत नाही. ट्रंकेत ठेवलं आहे.

आता माझं म्हणणं. तू मला मारलंस ते मी सोडून देते. पण सुजलेले पाय, मशीन, तो कापूस, हे सगळं तुझ्या बाबांचं आहे. मी त्या खुर्चीशेजारी बसत होते, मला पाठ आहे. गावच्या हापशीचं पाणी जन्मभर तेच प्याले, अकोल्याचं पाणी त्यांना सपक लागायचं. त्यांच्यामागे त्यांच्या नावावर दुसरं काही राहिलं नाही. एक मरण होतं, तेही तू काढून मला दिलंस.

ते त्यांना परत दे. ज्या माईकवर माझं नाव घेतलंस त्या माईकवर एकदा 'माझे वडील रामराव या पाण्यानं गेले' एवढं म्हण. मग मी मेलेली राहिले तरी माझी हरकत नाही.

तुझी आई,
इंदू

■

अकोला
२४ जुलै २०२४, बुधवार

चि. नितेश यास आशीर्वाद.

मी खुशाल आहे. पत्राचं उत्तर पत्रानं येतं असं मला शिकवलं होतं. तू माणूस पाठवलास.

विपुल चांगला पोरगा आहे. दारात चपला काढून, पाया पडून आत आला. सफरचंदांची पिशवी आणि नवा मोबाईल खोक्यासकट. कंपनीत तुझा भागीदार आहे म्हणाला. मी चहा टाकला. तो सगळं समजावून सांगत होता, मी ऐकत होते. निळ्या डब्यांची माळ करून नदीत आडवी बांधायची, खाली जाळी. पाणी जातं, प्लास्टिक अडतं. सोबत एक नळी, ती पाण्यातला खारटपणा आणि घाण मोबाईलवर दाखवते.

"काकू, पूर्णेचं पानी जाते तापीत, तापीचं समुद्रात. आपल्या इथला गुटख्याचा पुडा तिकडं माशाच्या पोटात निघते. लोक समुद्रात जाऊन कचरा काढते, आमी म्हणतो इथंच अडवा ना!"

काम पुण्याईचं आहे. मी त्याला तसं म्हटलं. गौरी-गणपतीचं निर्माल्य लोक प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात फेकतात, ते मला कधीच पटलं नाही. तुझ्या यंत्राचं नाव 'इंदूमाय' ठेवलं आहे, कंपनीचंही तेच, हेही त्यानं सांगितलं. मी विचारलं, "रामराव काहून नाही?"

त्यानं कप खाली ठेवला. "काकू, खरं सांगू? मानसाची किडनी गेली म्हटलं का समोरचा पहिले विचारते, पेत होता काय?"

तुझ्या बाबांच्या गळ्यात माळ होती. प्रसादाच्या पंचामृताशिवाय त्यांनी काही वेगळं प्यालेलं मी पाहिलं नाही.

"नितेशनं पहिल्या वेळी काकांचंच सांगतलं होतं. कोनी मोबाईलमधून मान वर नाही केली. दुसऱ्या वेळी स्टेजवर गेला आन् त्याच्या तोंडातून आई निघालं. बाया रडल्या. आता तेच सगळीकडं गेलं, वापस कसं घ्याव?"

म्हणजे पहिल्यांदा तू खरं बोलला होतास. हे ऐकून मला फार बरं वाटलं. ते रात्री महाराजांनाही सांगितलं.

विपुलनं तुझा आवाज ऐकवला. "आई, खूप काम आहे, समजून घे, नंतर बोलू." मी दोनदा ऐकला. घसा बसला आहे तुझा. मिठाच्या गुळण्या कर.

सफरचंदं महाराजांपुढे ठेवून गल्लीत वाटली. मोबाईल विपुलजवळ परत दिला. खोकं उघडलं नव्हतं, दुकानदार घेईल. मेलेल्या बाईला कोण फोन करणार? तो हसला, आणि मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं. सांगितलं ना, चांगला पोरगा आहे.

माझं म्हणणं मागच्या पत्रात आहे. ते बदललेलं नाही.

आई

■

अकोला
१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

चि. नितेश,

काल पुत्रदा एकादशी होती. तुझ्या जन्माआधीपासून धरते. मुलासाठीचा उपास, म्हणून मुलाकडे जावं असं मनात आलं. अर्ध्या तिकिटात अमरावती होते. न कळवता आले हे तुला आवडलं नाही, ते दिसलं. तरी काल आपल्यात जे झालं ते मी लिहून काढते आहे. तू ते कोणाला सांगणार नाहीस आणि मलाही सांगायला कोणी नाही.

क्लासेसच्या वरच्या मजल्यावर तुझं ऑफिस आहे. जिना चढून गेले तर समोरच्या भिंतीवर मी. दादाच्या पिंकीच्या लग्नातला फोटो. त्यात तुझे बाबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांना कापताना डाव्या बाजूला पांढऱ्या बाहीची एक पट्टी राहून गेली आहे. तुझ्या लक्षात आली नसेल. मोगऱ्याचा हार प्लास्टिकचा आहे. नदीतलं प्लास्टिक काढणाऱ्या पोराच्या आईला प्लास्टिकचा हार, तेवढा तरी बदल.

टेबलाशी मुलगी होती, माया तिचं नाव. उदबत्ती लावत होती.

"कोन पाह्यजे काकू?"

"नितेश."

"सर मिटिंगमदी हायेत, बसा." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "बाई व! तुमी सरांच्या मावशी का? डिट्टो दिसता!"

तेवढ्यात तू काचेचं दार उघडून बाहेर आलास. तिनं तुलाच विचारलं, "सर, ह्या तुमच्या मावशी ना?"

तुला वेळ होता. मी काहीच बोलले नव्हते. तू कानाची पाळी धरलीस. लहानपणी काच फोडून आलास की धरायचास तशी. तेव्हाच मला कळलं काय येणार.

"हो," तू म्हणालास. "मावशी आहे. अकोल्याची."

त्या मुलीचा काही दोष नाही. तिला इतका आनंद झाला की फुलांची ताटलीच घेऊन आली. "मावशी, आज एकादशी हाय, तुमच्या हातानं वाहा ना. रोज मीच वाहते. तुमच्या बहिणीचं सांगतलं ना सरांनी, मले तर रडूच येते."

मी फूल वाहिलं. माझ्याच फोटोला मी जास्वंद वाहिलं आणि हात जोडले. तू तिथेच उभा होतास. तू थांब म्हणशील असं हात वर जाईपर्यंत मला वाटत होतं. फोटो उंच आहे, टाचा उचलाव्या लागल्या. त्या मुलीनं मला कोपरापाशी धरलं.

आत गेल्यावर तू दार लावलंस. वाटलं आता पाया पडशील. तू म्हणालास, "आई, अशी न सांगता कशाला आलीस? उद्या एखादा पाहुणा असता इथे."

"बाबांचं नाव घेनार का नाही तेवढं सांग. मंग जातो मी."

तुझा चेहरा एकदम उजळला, पण माझ्या प्रश्नावर नव्हे. "आई, माया म्हणाली ते बरंच झालं बघ! सप्टेंबरमध्ये आपल्या गावी पूर्णेत जाळी बसवतोय. पैसे देणाऱ्या मुंबईच्या बाई येताहेत, परदेशी पाहुणे येताहेत. त्यांना आईचं गाव बघायचंय, घरचं कोणीतरी भेटायला हवंय. तू ये ना, मावशी म्हणून."

तू पाण्याची बाटली पुढे केलीस. मी ती उघडली नाही, घरच्या पाण्याचा तांब्या सोबत होता. निघताना मायानं मला नमस्कार केला. तू केला नाहीस. तिच्यासमोर मावशीला केला असता तरी चाललं असतं.

उपास पाळला. आज सोडला.

आई

■

अकोला
१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

चि. नितेश,

काल गौरी उठल्या. निर्माल्य झाडांच्या कुंड्यांत घातलं, तुझ्या जाळीवर भार नको.

परवा सरपंच नत्थुजी आले होते, दोन-चार माणसं घेऊन. तूच पाठवलेस हे त्यांनी लपवलं नाही. जाळीसोबत गावात गोड्या पाण्याची टाकी बसणार आहे, पाहुण्यांना गोष्ट आवडली तर. आणि गोष्टीत मी मेलेली आहे.

"इंदूवहिनी," नत्थुजी म्हणाले, "एक दिवस मेल्यावानी राहा ना. गावाले गोड पानी भेटते."

"नत्थुभाऊजी, तुमची बायको एक दिवस मेली तर चालन का?"

"तिले म्हनून पाह्यलं मी. ते म्हने, एक दिवस काहून, पर डोक्यावरचा हंडा तेवढा उतरव."

सगळे हसले, मीही हसले. पण खोटं नाही त्यात. त्या गावात सून म्हणून गेले तेव्हापासून मी ते पाणी पाहिलं आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पोरांचे दात पिवळे. तिथल्या बायांच्या वाट्याचं पाणी मी माझ्या मानापायी अडवणार नाही. मावशी व्हायला मी तयार आहे, असं मी नत्थुजींना सांगितलं.

अट तुला साधनाच्या मोबाईलवरून काल सांगितली, तीच इथे लिहून ठेवते म्हणजे शब्द इकडेतिकडे होणार नाहीत. तुमचा नदीदिन २९ तारखेला, रविवारी आहे. त्याच दिवशी पितृपक्षातली द्वादशी आहे, तुझ्या बाबांची तिथी. मागच्या वर्षी तू आला नाहीस, पान मीच वाढलं. या वर्षी सकाळी घरी येशील, त्यांच्या नावानं बसशील, कावळ्याला घास ठेवशील. मग नदीवर जाऊ. तिथे बोलताना त्यांचं नाव घेशील आणि ते कशानं गेले ते सांगशील. आई आधी गेली, बाबा नंतर गेले, असं सांगितलंस तरी माझी तक्रार नाही. गोष्ट तुझी, तू हवी तशी रच. त्यात त्यांना जागा दे.

तू म्हणालास, "घेईन. बाबांची शपथ."

गेलेल्या माणसाची शपथ घेत नाहीत. पण तू घेतलीस, म्हणून मी धरून चालते.

वडे, कढी, तांदळाची खीर, अळूची भजी. त्यांना आवडायची ती गवारीची भाजी मिळाली तर तीही. लवकर ये.

आई

■

अकोला
३० सप्टेंबर २०२४, सोमवार

नितेश,

काल पान वाढून मी दारात बसले होते. घास छपरावर ठेवायला घरचा पुरुष लागतो. साधनाचा नवरा म्हणाला, "काकू, मी ठेवतो." मी थांब म्हटलं. मग गाडी आली, तीत ड्रायव्हर होता. "सर पाहुण्यायले घेऊन डायरेक नदीवर गेले. मावशीले घेऊन ये म्हने." त्यालाही मावशीच सांगितलं आहेस. घास साधनाच्या नवऱ्यानं ठेवला.

मावशीला नेसायला इंदूपेक्षा वेगळं काही हवं होतं. फोटोत आहे ती साडी चालली नसती. ट्रंकेतून पंजाबदादाचं पातळ काढलं आणि नेसले. मेलेल्या बहिणीसाठी आलेलं पातळ जिवंत बहिणीनं नेसलं, यात दोष असेल तर तो मी घेईन.

गावच्या बायांनी मला पाहिलं आणि पदराआड तोंडं दाबली. रखमाबाई तर पुढे येऊन म्हणाली, "मावशी, तुमची बहीन कुठं गेली व? माह्याकडून ताकाची चरवी घेऊन गेलती, वापस नाही आली." मी म्हटलं, "मेली ते. चरवीसकट." ती हसता हसता रडायला लागली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. टाकीचा सांगाडा उभा होता, त्याच्याकडे बघून सगळे गप्प होते.

जाळी छान दिसत होती. निळे डबे, त्यांना अडून आलेला कचरा, पुडे, थर्माकोल, एक चप्पल. नदी मोकळी वाहत होती. मंडपात खुर्चीवर माझा फोटो होता. हार बदललास, खऱ्या झेंडूचा. माझं एक म्हणणं तू ऐकलंस.

तू बोलायला उभा राहिलास तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. मुद्दाम तुझ्यासमोर बसले, म्हणजे विसरणार नाहीस. इंग्रजीत बोललास, मग मराठीत. पाण्याचं, समुद्राचं, आईच्या पायांचं, कापसाचं. मुंबईच्या बाईंचे आभार मानलेस, पाहुण्यांचे, विपुलचे, मायाचे, नत्थुजींचे, डबे वेल्डिंग करून देणाऱ्याचे. मंडपवाल्याचेही. मी वाट पाहत होते. मग तू पाणी प्यालास आणि खाली बसलास. माझ्याकडे पाहून दोन बोटांनी 'नंतर' अशी खूण केलीस.

तिथेच संपलं असतं. मी घरी येऊन पान उचललं असतं. पण त्या मुंबईच्या बाई मनानं चांगल्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, तुमच्या बहिणीबद्दल दोन शब्द बोला ना. आम्हाला ऐकायचंय." विपुलनं माईक आणून दिला. तू उठून आलास, परदेशी पाहुण्यांना माझं बोलणं इंग्रजीत सांगायला. हे सगळं तुझ्यासमोर झालं. मी काही ठरवून गेले नव्हते.

मी म्हटलं, "माह्या बहिणीचं नाव इंदू. इंदूच्या मालकाचं नाव रामराव. गळ्यात माळ होती, कधी काही पेले नाहीत. ह्याच हापशीच्या पान्यानं त्याईच्या किडन्या गेल्या. आज त्याईची तिथी हाये."

तू इंग्रजीत सांगितलंस. सांगावंच लागलं. मुंबईच्या बाईंना मराठी कळत होतं, तुला मोकळीक नव्हती. रामराव हे नाव तुझ्या तोंडून माईकवर निघालं. माझी अट पूर्ण झाली असं मी धरलं असतं. मी माईक खाली केलासुद्धा.

तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं, "आणि इंदूताईंना मुलं किती? हा एकच नितेश?"

तू कानाची पाळी धरलीस. माझ्याआधी तूच उत्तर देणार होतास. काय देणार होतास ते मला ऐकायचं नव्हतं. मी माईक वर घेतला.

"दोन," मी म्हटलं. "एक हा. दुसरा याच्यापेक्षा लहान. बापाच्या खांद्यावर बसून हापशीवर जाये. बाप मशीनवर असला का शाळेतून पयत येऊन त्याचे पाय चेपे. बापाले पान्याची बंदी होती तर हे पोरगंही त्याच्यासमोर पानी नाही पेये. घशाले कोरड पडली तरी नाही पेये."

गावची माणसं खाली बघत होती. मला एकच मूल झालं, हे तिथल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्या पोराला त्यांनी शाळेतून पळत येताना पाहिलंही होतं.

"मग तो कुठे असतो आता?" बाईंनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. "तो बी गेला."

"अरेरे. कशानं?"

"पान्यापायीच, बाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. अमरावतीला जिन्यापाशी तुला जेवढा वेळ होता, तेवढाच इथेही होता. 'ही माझी आई आहे' एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. मी माईक तुझ्यापुढे धरून उभी राहिले. हात दुखेपर्यंत धरला.

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं आहे. तू भराभर बोललास, त्यातलं मला फारसं कळलं नाही. पण 'सन' आणि 'डेड' हे शब्द मला येतात. तू ते दोन्ही म्हणालास, एकामागून एक, पाहुण्यांकडे तोंड करून. आवाज कापला नाही तुझा. घसाही सुधारला आहे.

परदेशी बाई रडली. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. मी निघताना विपुल धावत आला, डोळे पाणावलेले. मघाशी नेमका तो पाहुण्यांच्या चहाला गेला होता, अर्धंच ऐकलं त्यानं. म्हणाला, "काकू, काय सांगतलं तुमी! टाकी पक्की झाली. लहान भावाचं आमाले माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी नितेशले हेच सांगाले लावतो."

सांग. खुशाल सांग. ती गोष्टही तुला दिली.

गाडीनं सोडतो म्हणाला होतास, मी फाट्यावरून एस.टी. धरली. घरी आले तर छपरावरचा घास तसाच होता. कावळा शिवला नव्हता. दिवेलागणीला मी स्वतः शिडी लावून चढले आणि सांगितलं, "नाव घेतलं गेलं. माईकवर. त्याच्याच तोंडून. आता घ्या." आज सकाळी पान रिकामं होतं. कावळा होता की मांजर, ते मी पाहायला गेले नाही.

पातळ धुऊन वाळत घातलं आहे. त्याला आता दुसरा उपयोग नाही, मीच नेसून संपवीन. वरूडला दादाला कार्ड टाकलं आहे की मी गेले तर परत पातळ आणू नये, आणि अग्नी त्याच्या मुलानं, स्वप्निलनं द्यावा. तुला कळवू नये असंही लिहिलं आहे. तुला ती बातमी जुनी आहे.

राहता राहिलं एक. पुढच्या वर्षीपासून द्वादशीला दोन पानं वाढावी लागतील. एक त्यांचं. दुसरं कोणाचं, ते तूच काल सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं आहेस. दोघांची तिथी एकच पडली, हे बरं झालं. दोनदा स्वयंपाक करावा लागणार नाही.

मी इथे खुशाल आहे.

इंदूची बहीण